परदेशी कामाला जाणाऱ्या बांधवांचे हक्क आणि शासनाची यंत्रणा

शाहूवाडी तालुक्याला बाहेरगावी जाऊन पोट भरणे नवीन नाही. डोंगराळ मुलूख, पावसावरची भातशेती, आणि आपल्यातील अनेकांकडे तीही नाही. म्हणून मलकापूर, बांबवडे, आंबा या बाजूची माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेली, गिरणीत व गोदीत राबली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि तो आधार तुटला. आता एखाद्या घरचा मुलगा दुबईला, मस्कतला, नाहीतर सौदीला असतो. मुंबईत अडचण आली तर माणूस रात्रीच्या एस.टी.ने गावी येई. सौदीहून तसे येता येत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाकडे एक आई आली. मुलगा आखातात बांधकामावर गेलेला. चार महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाच्या ताब्यात. चौकशी करता कळले की एजंटाने त्याला पाहुणा म्हणून, म्हणजे व्हिजिट व्हिसावर पाठविले होते. दिलेल्या पैशांची पावती नव्हती. मुलगा पुढे परत आला, पैसे मात्र बुडाले. या प्रसंगामुळेच सदर लेख लिहावासा वाटला.

परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. त्यानुसार केंद्र शासनाचे ‘प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स’ नावाचे अधिकारी नेमलेले असून त्यांचे एक कार्यालय मुंबईस आहे. परराष्ट्र मंत्रालयाकडून नोंदणीचा दाखला घेतल्याशिवाय कोणालाही माणसे भरती करून परदेशी पाठविता येत नाहीत. तसे केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत एजंटाला सरकारकडे बँक हमी ठेवावी लागते, आणि कामगार तिकडे अडकला तर त्याला परत आणण्याचा खर्च त्या हमीतून वसूल करता येतो. एजंटाने घ्यावयाची फी 30 हजार रुपये व त्यावरील जी.एस.टी. यापेक्षा अधिक असू नये. लाख-दीड लाख मागणारा माणूस बिनपावतीचे का मागतो, हे यावरून उमजावे.

साधारणपणे दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ई.सी.आर.’ असा शेरा असतो. अशा माणसाला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन इत्यादी ठिकाणी नोकरीस जाण्यापूर्वी प्रोटेक्टरची परवानगी लागते. पूर्वी पासपोर्टवर शिक्का मारून घ्यावा लागे; आता हे काम ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेत होते. परवानगी देताना करारपत्र, पगार व मालक यांची नोंद होते आणि प्रवासी भारतीय विमा काढणे सक्तीचे असते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये व कर, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाई 10 लाख. असा शेरा असलेल्या स्त्रियांना वयाची 30 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय ही परवानगी मिळत नाही. व्हिजिट व्हिसावर गेलेला मनुष्य या सर्वांतून निसटतो. सरकारी दप्तरी तो कामगार नसून पाहुणा असतो.

आता एक चमत्कारिक गोष्ट. आपली मुले आज दहावी-बारावी होतात, आय.टी.आय. करतात, ही अभिमानाची बाब आहे. परंतु दहावी झालेल्याला ही परवानगी लागत नाही, म्हणून त्याचे करारपत्र कोणी तपासत नाही व विमाही सक्तीचा नाही. 2018 च्या नोव्हेंबरात सरकारने अशांनाही नोंदणी सक्तीची करण्याचे ठरविले होते. त्याच महिन्यात तो निर्णय स्थगित झाला. ऐच्छिक नोंदणी मात्र करता येते. ती करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकलेल्याचा पगार कोणी बुडवत नाही, असे थोडेच आहे!

तिकडे पोचल्यावर अडचण आली तर भारतीय वकिलातीत कामगारांच्या तक्रारी घेतल्या जातात. ‘मदद’ या सेवेवर घरच्या माणसांनाही येथून तक्रार नोंदविता येते. 1800 11 3090 हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. 2009 साली उभारलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून निराधार झालेल्यांची तात्पुरती राहण्याची सोय, परतीचे तिकीट, प्रसंगी पार्थिव आणण्याचा खर्चही केला जातो. यात उपकार कसले? डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सरकारी सेवायोजन कार्यालयांचा पाया त्याच काळात घातला गेला. मजूर आणि मालक यांच्यामध्ये शासनाने उभे राहावे, हा हक्क आहे.

निघण्यापूर्वी एजंटाचे नाव ई-मायग्रेटच्या यादीत आहे का, हे गावातील शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावे. पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र, विमा व पावती यांच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात आणि त्या कोठे आहेत हे बायकोला किंवा आईला सांगून जावे. वर सांगितलेल्या त्या आईकडे मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्सदेखील नव्हती. मालकाचे नाव काय, एवढे कळायलाच आम्हांस तीन आठवडे लागले.