तयार कॉम्प्युटर घ्यावा की घरी जुळवावा?

मंडळी, आपल्या मंडळात कोणी 'डॉक्टर' अशी हाक मारली की मी हल्ली लगेच वळून पाहत नाही. हाक मारणाऱ्याला बहुधा खोकल्याचे औषध हवे असते, आणि माझी डॉक्टरी पडली रंग-लेपांच्या रसायनशास्त्रातली! पण गेल्या गणेशोत्सवात मखराचे थर्माकोल कापत बसले असताना अल खैल गेटमधले आमचे एक शेजारी जवळ येऊन बसले. अल क्वोजमधल्या एका छापखान्यात ते सुपरवायझर आहेत. माणूस सांगलीकडचा, मोजके बोलणारा.

"वहिनी, पोराला कॉम्प्युटर घ्यायचाय. रेडी घेऊ का असेंबल करू? तो म्हणतोय असेंबल. मला काय त्यातलं कळत नाही. पैसे एकदाच घालायचेत."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. मुलगा बारावीत. पुढच्या उन्हाळ्यात इंजिनिअरिंगसाठी पुण्याला जायचे ठरलेले. बापाने ओव्हरटाइमचे पैसे वर्षभर बाजूला टाकलेले. अशा वेळी "काहीही घ्या, सगळे सारखेच" असे म्हणून सुटका करून घेणे बरे नव्हे. म्हणून मी त्यांना जे सांगितले, आणि त्याआधी स्वतः जी फजिती करून घेतली होती, ते सर्व सभासदांसाठी लिहून काढते आहे.

आपल्या पिढीला असेंबल्ड कॉम्प्युटर नवा नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही नावे काढली की अजूनही अनेकांचे डोळे चमकतील. आमच्या घरी 2001 साली पहिला कॉम्प्युटर आला तो असाच. एक ओळखीचा मुलगा स्कूटरवरून कॅबिनेट पायांत धरून घेऊन आला, आमच्याच टेबलावर बसून त्याने सगळे जोडले आणि आईच्या हातचे पोहे खाऊन गेला. बिघडला की त्याला फोन करायचा, तो संध्याकाळी यायचा. कंपनीच्या कॉम्प्युटरपेक्षा तो स्वस्त पडला, असे वडील वर्षानुवर्षे सांगत. पण खरी गोष्ट अशी की आम्ही कॉम्प्युटरबरोबर तो मुलगाही घेतला होता. त्याचा पत्ता आम्हाला माहीत होता आणि आमचा त्याला.

इथे दुबईत तो स्कूटरवाला नाही. हा धडा मी पैसे मोजून शिकले.

तीनेक वर्षांपूर्वी मी हौसेने एक कॉम्प्युटर घरी जुळवला. बुरजुमानजवळच्या खालिद बिन अल वालिद रस्त्यावरची दुकाने तुम्हाला माहीत आहेतच. तिथे दोन शनिवार फिरून एकेक भाग आणला. प्रोसेसर चांगला घेतला, मदरबोर्ड चांगला घेतला. शेवटी पैसे संपत आले तेव्हा एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा डबा, मात्र बिननावाचा घेतला. दीडशे दिरहम वाचले म्हणून मी खुशीत! जोडायला एक दुपार लागली. पहिल्या झटक्यात सुरू झाला तेव्हा पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेनंतर झाला नव्हता इतका आनंद झाला.

पुढच्या जुलैत आम्ही भारतात गेलो. तिकडून फाइली पाहता याव्यात म्हणून मी कॉम्प्युटर चालूच ठेवला आणि विजेचे बिल वाचावे म्हणून एसी बंद केला. नवरा म्हणाला, "अगं, दोन्ही बंद कर." मी ऐकले नाही. ऑगस्टअखेर परत आलो तर खोलीत जळका वास. एसएमपीएस गेला होता आणि जाताना हार्ड डिस्कला घेऊन गेला होता.

त्या डिस्कवर माझ्या सासऱ्यांचा आवाज होता. शेवटच्या वर्षी ते आमच्याकडे राहिले तेव्हा कोकणातल्या घराच्या, विहिरीच्या, त्यांच्या आजीच्या गोष्टी मी त्यांच्याकडून सांगवून घेतल्या होत्या. काही नणंदेला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. बाकीच्या गेल्या. सासरेही तोवर गेले होते. नवरा एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागले.

दुकानदाराला दोष देऊन काय होणार? स्वस्त डबा मीच मागितला होता, आणि बंद खोलीत मीच तापवला होता. पण झाले काय ते तरी समजून घ्यावे म्हणून मी तो डबा प्रयोगशाळेत नेऊन उघडला. (तुम्ही हे करू नका. प्लग काढल्यानंतरही आत वीज साठलेली असते.) आतले तीन कपॅसिटर फुगून वर आले होते.

इथे थोडे रसायनशास्त्र सोसा. या कपॅसिटरांत एक द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू आटतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. 105 अंशांना 2,000 तास टिकेल असा कपॅसिटर 65 अंशांवर 32,000 तास काढतो, म्हणजे रात्रंदिवस चालवला तरी साडेतीन वर्षांहून अधिक. स्वस्त डब्यात कधी 85 अंशांचे कपॅसिटर घालतात. तो तितक्याच 2,000 तासांचा असला तर त्याच 65 अंशांवर 8,000 तासांत, म्हणजे वर्षाच्या आतच हिशेब मिटतो. दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात! त्यात आपला अल क्वोज. ट्रक, कारखाने आणि वाळू यांची बारीक धूळ पंख्यांवर गोधडीसारखी बसते, आणि आतली उष्णता आतच राहते. पुण्यात निभावून गेलेली काटकसर इथे निभत नाही.

तर आता मूळ प्रश्न. मी त्या शेजाऱ्यांना तीन प्रश्न विचारले. तुम्हीही घरात विचारून पाहा.

पहिला: बिघडल्यावर कोण पाहणार? तयार कॉम्प्युटरला एकच बिल आणि एकच हमी. काही झाले की पूर्ण खोके उचलून नेऊन द्यायचे. घरी जुळवलेल्याला प्रत्येक भागाची हमी वेगळी, कधी तयार कॉम्प्युटरपेक्षा जास्त वर्षांचीही. पण बिघडलेला भाग कोणता हे आधी तुम्हाला ओळखता आले पाहिजे. रॅम गेली की मदरबोर्ड, हे शोधायला दोन संध्याकाळी देणारा माणूस घरात असेल तर जरूर जुळवा. नसेल तर जुळवू नका. काहीही घेतले तरी टीआरएन क्रमांक असलेले पक्के बिल घ्या. इथे 2018 पासून पाच टक्के व्हॅट आहे, आणि बिलाशिवाय घेतलेल्या वस्तूबद्दल दाद मागायची वेळ आली तर हातात काही उरत नाही.

दुसरा: दोन वर्षांनी हे घर कुठे असेल? हा प्रश्न आपण एकमेकांना विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. आपले इथले राहणे व्हिसावर आणि व्हिसा बहुतेकांचा नोकरीवर. निघायची वेळ आली तर काचेचे मोठे कॅबिनेट विमानात कसे न्यायचे? भारतात उतरताना अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय नेता येतो. डेस्कटॉपला ही सवलत नाही. शिवाय इथली हमी बऱ्याचदा इथल्यापुरतीच असते. ती भारतात चालते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून कागदावर घ्यावे.

तिसरा: स्वस्त कोणते, याचा आजचा हिशेब केला का? 'असेंबल्ड म्हणजे स्वस्त' हे आपल्या वडिलांच्या वेळचे गणित. 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या उचलल्या की रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशल' हा घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी कंपनीने जुन्या भावात घेतलेल्या मालाचा तयार कॉम्प्युटर सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडू शकतो. म्हणून एका कागदावर दोन रकाने आखा आणि त्याच दिवशीचे भाव लिहा. विंडोजचे पैसे दुसऱ्या रकान्यात घालायला विसरू नका. तयार कॉम्प्युटरमध्ये बहुधा ते आधीच धरलेले असतात.

जुना, कंपन्यांतून निघालेला कॉम्प्युटर हाही एक मार्ग आहे. मात्र विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. 'आय-सेव्हन आहे' एवढ्यावर भुलू नका. कितव्या पिढीचा, ते विचारा.

या तीन प्रश्नांची उत्तरे त्या बापलेकांनी माझ्यासमोरच दिली. घरात दुरुस्ती करणारा कोणी नाही. मुलगा वर्षात पुण्याला जाणार, तोही हॉस्टेलवर. रकानेही त्यांनी आखले, दिवाळीपूर्वी. फरक इतका थोडा निघाला की त्यासाठी धोका घेण्यात अर्थ नव्हता. उत्तर उघड होते: तयार लॅपटॉप, रॅम आणि एसएसडी पुढे बदलता येईल असा.

मुलगा काही बोलला नाही. खाली मान घालून नुसता बसला. त्याची आई म्हणाली, "महिनाभर पार्ट्सच्या याद्या करत होता हो." मग माझ्या लक्षात आले की त्याला कॉम्प्युटर हवा होता हे खरे, पण त्याहून जास्त तो जोडायचा होता. आपण विकत घेण्याचा हिशेब केला, त्याच्या इच्छेचा केलाच नाही.

जोडण्याची ही ओढ क्षुल्लक समजू नये. 1980 च्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि 1991 मध्ये अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते, पण ते एकत्र कामाला लावायचे कसे, हे डोके आपल्या माणसांचे. सुटे भाग बाजारात मिळतात, पण जुळवायची अक्कल आणि बिघडल्यावर निस्तरायची तयारी स्वतःचीच लागते.

माझा जळका कॉम्प्युटर तोवर कपाटावर धूळ खात पडला होता. डोळ्यांसमोर नको म्हणून मी तो वर ठेवला होता. मी त्या मुलाला म्हटले, "हा खाली काढतोस का? चालू झाला तर मंडळाला देऊ."

दुसऱ्या शनिवारी तो आला, आणि मुलाला सोडायला म्हणून आलेले वडीलही थांबले. त्याने आधी सगळे सोडवून एका चादरीवर ओळीने मांडले. वडिलांनी मऊ ब्रशने पंखे साफ केले. छापखान्यातला माणूस, यंत्र कसे हाताळायचे ते त्यांना सांगावे लागत नाही. नवा एसएमपीएस या वेळी नावाजलेल्या कंपनीचा आणि पाच वर्षांच्या हमीचा आणला. ('80 प्लस' या शिक्क्यावरून वीज किती वाया जात नाही तेवढे कळते, टिकाऊपणा कळत नाही. म्हणून हमीची वर्षे पाहावी.) नशिबाने मदरबोर्ड आणि प्रोसेसर वाचले होते. नवी एसएसडी बसवली. बटण दाबले तर काहीच नाही! मुलाचा चेहरा पडला. तेव्हा वडिलांनीच बॅटरीच्या उजेडात आत वाकून पाहिले आणि म्हणाले, "अरे, ही वरची वायर कुठं लावलीस?" प्रोसेसरची वीज जोडायचीच राहिली होती. ती लावली आणि पंखे फिरले.

"मला काय त्यातलं कळत नाही" म्हणणारे गृहस्थ त्या दिवशी घरी जाईपर्यंत हसत होते.

लॅपटॉप घेतला तो तयारच, आणि तेच योग्य झाले असे मला अजूनही वाटते. जुळवायची हौस मात्र जुन्या यंत्रावर भागली. घरात बारा-पंधरा वर्षांची मुले असतील तर हा मार्ग जरूर धरा: रोजच्या कामाचा कॉम्प्युटर तयार घ्या, आणि शिकण्यासाठी एखादा जुना उघडून द्या. चुकले तर नुकसान थोडे, साधले तर आयुष्यभराची भीती जाते.

आणि तयार असो वा जुळवलेला, एक काम आज रात्रीच करा. ज्या फाइली पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक गावाकडच्या कोणाकडे तरी ठेवा. कॉम्प्युटर पुन्हा विकत मिळतो. माझ्या सासऱ्यांच्या विहिरीची गोष्ट मला आता अर्धीच येते.

हा लेख मी मंडळाच्या त्याच कॉम्प्युटरवर टाइप केला आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर त्या माझ्या, यंत्र ठणठणीत आहे. ज्यांना आपल्याकडचे जुने कॅबिनेट द्यायचे असेल त्यांनी पुढच्या सभेला घेऊन यावे. चादर आम्ही आणू.