अवबाहुकाचे निदान आणि सुप्रास्पायनेटस पेशी

अंसफलकाच्या वरच्या खोलगट भागातून निघालेली ही लहानशी पेशी अंसकूटाखालून जाऊन प्रगंडास्थीच्या मोठ्या उंचवट्यावर संलग्न होते. बाहू कडेने उचलण्याच्या आरंभी साहाय्य करणे व प्रगंडास्थीचे शिर सांध्यात स्थिर राखणे, ही तिची कार्ये. (सुश्रुतोक्त स्नायू निराळा, व्यवहारातील मराठीने येथे गोंधळच वाढविला आहे.)

हात वर जात नाही, एवढ्यावरून अवबाहुक ठरविणे आम्हांस अपुरे वाटते. रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, परंतु वैद्याने उचलल्यास तो सहज वर जातो, अशा वेळी कंडरा तुटल्याची शंका घ्यावी. आखडलेला सांधा दोन्ही प्रकारे अडतो. विशेषतः पडल्याचा इतिहास असल्यास जोरकस मर्दनापूर्वी सोनोग्राफी करवून घ्यावी, असे आम्ही वैद्यबंधुभगिनींस आग्रहाने सुचवितो.