पोहायचं नाही, प्यायचं नाही, तरी सहल लोणारलाच!

जानेफळ-मेहकर पट्ट्यात सहलीची गोष्ट निघाली की वर्गातली निम्मी पोरं आधीच ओरडतात, "लोणार!" आता सहलीच्या तळ्यावर काय असावं? नाव, पोहणं, गळाला लागलेला मासा. लोणारला यातलं काहीच नाही. पाणी खारट, त्यात सोडा मिसळल्यासारखं अल्कधर्मी. त्याचा सामू वर्षानुवर्षं साडेदहाच्या आसपास मोजला गेलाय. काठावर उभं राहिलं की नाकाला वास आधी कळतो, डोळ्यांना तळं नंतर. तरीही माणसं शेकडो वर्षं येताहेत, आणि प्रत्येक जण इथून काहीतरी घेऊन जातो.

सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे सरकार! अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लनं 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केलीय, तीही मेहकरचाच भाग म्हणून. मोठं पवित्र ठिकाण, ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, असं तो सांगतो. लगेच पुढं हिशेब: काच आणि साबण बनवायचा माल इथं मिळतो आणि त्यातून वसूलही चांगला येतो. म्हणजे पुण्य आणि महसूल एकाच परिच्छेदात. बादशहाच्या कारकुनाकडून दुसरं काय अपेक्षावं? पाणी आटलं की काठावर क्षार साठायचा. त्याच्या जातींना दल्ला, खुप्पल, भुस्की, पापडी अशी खमंग नावं होती. ऐकून वाटावं, दिवाळीच्या फराळाची यादी चाललीय.

अबुल फज्लनं आणखी एक गंमत लिहिलीय. पाणी खारं आहे, पण काही जागी गोड लागतं म्हणे. इथल्या माणसाला त्यात नवल नाही. कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एकाच विहिरीत एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं! तळ्याचं पाणी ओसरलं की ती दिसते. गोडं अंग सासूचं की सुनेचं, हे मात्र सांगणारा कोण आहे त्यावर ठरतं. आम्ही त्यात पडत नाही.

मग हे एवढं मोठं भगदाड पडलं कसं? पुराणाचं उत्तर: लवणासुर इथं जमिनीखाली दडून बसला होता. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. पाणी म्हणजे त्या असुराचं रक्त आणि मीठ म्हणजे त्याचं कुजलेलं मांस! (हे डबा खाऊन झाल्यावर सांगावं.) गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात विष्णू या लवणासुरावर उभा आहे. चांदणीच्या आकाराचं, नक्षीनं गच्च भरलेलं हे देऊळ. घाईघाईत तळ्याकडं पळणारे ते हमखास चुकवतात.

साहेबांचं उत्तर यायला बराच वेळ लागला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या खड्ड्याची दखल घेतली. पुढं शंभरेक वर्षं बहुतेकांचं म्हणणं एकच, हे ज्वालामुखीचं तोंड. आजूबाजूला सगळा काळा बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचाच दगड, तेव्हा संशय तिकडंच जाणार. १८९६ मध्ये गिल्बर्ट नावाच्या नामी अमेरिकी भूवैज्ञानिकानं तर अ‍ॅरिझोनातल्या विवराची तुलना आपल्या लोणारशी केली आणि दोन्हीकडं चुकला! दोन्ही विवरं आकाशातून आलेल्या धोंड्यांनी पाडलेली. त्यातही आपलंच मोठं: लोणार सुमारे १.८ किलोमीटर रुंद, अ‍ॅरिझोनाचं सव्वाच्याही आत.

पक्का पुरावा आला १९७३ मध्ये. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट दाखवून दिलं. प्रचंड धक्क्यानं खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीला तेवढं जमत नाही. हे मॅस्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८६५ मध्ये बिहारच्या शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का निघाली मंगळावरची! मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा. म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ बुलढाणा जिल्ह्यात येऊन दगड गोळा करतात. एसटीनं मंगळाच्या इतकं जवळ दुसरीकडं कुठं जाता येईल?

विवराचं वय मात्र विचारू नये. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं, नंतरच्या दुसऱ्या मोजणीनं ५ लाख ७० हजार. जन्मदाखला हरवलेल्या आजीसारखं.

जून २०२० मध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं. कोरोनामुळं सगळे घरात कोंडलेले आणि इथं हा रंग! प्रकरण थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. खारट पाण्यात खूश राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले होते. त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य गुलाबी. उन्हानं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणार महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वरनंतर या यादीतली राज्याची ही दुसरी जागा.

अंघोळीची हौस असेल तर काठावर, धारेवर जा. गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते. नवरात्रात खाली कमळजेची यात्रा असते, तेव्हा गर्दी विचारू नका.

पोरांची हौस वेगळीच. खिशात लोहचुंबक. विवरातल्या मातीवरून फिरवला की काळे बारीक कण त्याला मिशांसारखे चिकटतात. मग कोणाच्या चुंबकाला जास्त मिशा आल्या, यावर गाडीत मेहकरपर्यंत भांडण.