केस मुळातच मोडतो तेव्हा

ग्लासगोत आढळलेल्या 'न्यूड' उंदराचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. नावाप्रमाणे तो उघडा दिसतो. पण त्याच्या त्वचेत केसांची मुळे असतात. फॉक्सएन-१ या जनुकातील उत्परिवर्तनामुळे केसाला बळकटी देणारी केराटिन प्रथिने पुरेशी तयार होत नाहीत. परिणामी केस वाकतो आणि त्वचेबाहेर येण्याआधीच मोडतो. टक्कल ही त्यातली किरकोळ बाब. या उंदराला थायमस ग्रंथीच नसते, हे १९६८ मध्ये उमगले. दोष त्याच जनुकाचा. प्रतिकारशक्ती दुबळी असल्याने त्याच्या अंगात माणसाच्या कर्कगाठी वाढू शकतात. खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'सारख्या कर्करोग संशोधन संस्थांना तो म्हणूनच हवा असतो. इटलीतील दोन बहिणींमध्ये जन्मजात टक्कल आणि प्रतिकारशक्तीचा अभाव एकत्र असल्याची नोंद १९९६ मध्ये झाली. त्यांच्यातही पुढे हेच जनुक सदोष आढळले.