वाळवंटात सोनं शोधायचंय? आधी फोनमधला नकाशा समजून घ्या

अमेरिकेतल्या ॲरिझोनात ओढ्या-नद्यांच्या वाळूत आजही सोन्याचे कण सापडतात. हौशी लोक पसरट थाळीत वाळू-पाणी घेऊन हलवतात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू जेमतेम २.६ पट. त्यामुळे वाळू वाहून जाते आणि सोनं तळाला राहतं.

खरा घोळ जागेचा आहे. सरकारी जमिनीवरही कुणीतरी खाणहक्क, म्हणजे 'क्लेम' नोंदवलेला असू शकतो. तिथलं सोनं परवानगीशिवाय घेणं बेकायदेशीर आहे. हे क्लेम 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट'च्या ऑनलाइन नकाशावर दिसतात.

रेंज नसली तरी जीपीएस चालतं, कारण ते थेट उपग्रहांचे सिग्नल पकडतं. नकाशा मात्र निघण्याआधीच सेव्ह करून ठेवा.

आता मेख बघा. जीपीएस तुमची जागा काही मीटरपर्यंत बरोबर दाखवतं. क्लेमचा नकाशा मात्र साधारण ८०० मीटर बाजूचा अख्खा चौकोन रंगवतो, त्यात नेमकी हद्द कळत नाही. म्हणून रंगलेला चौकोन दिसला, की तो पूर्ण सोडा.

आणि हो, लांब डोंगरात पाऊस पडला तरी कोरड्या पात्रात अचानक लोंढा येतो. आभाळ भरलं, की थाळी उचला आणि वर या.