ट्रॅव्हल ट्रेलरमधील वातानुकूलन : वारा आणि त्याचे काठ

'वातानुकूलन' या शब्दाचा विग्रह करून पाहण्याचे कारण सहसा पडत नाही. संस्कृतात 'कूल' म्हणजे नदीचा काठ. 'अनुकूल' म्हणजे मुळात काठाला धरून, प्रवाहाबरोबर जाणारे. 'हितकर' हा अर्थ त्यातून पुढे निघाला. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात हा मूळार्थ असेलच असे नव्हे. तथापि यंत्राने निवविलेला वारा काठांच्या आत राहिला पाहिजे, हे या विषयाचे मर्म तो शब्द अनायासे सांगून जातो. व्यवहारात मात्र आपण या यंत्राला 'थंडी देणारे' समजतो, आणि मग आपले लक्ष थंडीवर खिळते, वाऱ्याच्या वाटेवरून उडते. हा दृष्टिदोष किती महाग पडतो, हे अमेरिकेतील ट्रॅव्हल ट्रेलरच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून नेण्याचे घर. त्याच्या भिंती पातळ, छत बसके आणि दिवसभर उन्हात. छतास सुमारे १४ इंच लांबरुंद चौकोनी भोक पाडून त्यावर वातानुकूलन यंत्र बसविलेले असते. त्याची शक्ती बहुधा ताशी १३,५०० किंवा १५,००० ब्रिटिश औष्णिक एकके असते. १२,००० एककांचा एक 'टन' होतो. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तिच्यावरून हे माप आले. म्हणजे एवढ्याशा घराला टनाहून मोठे यंत्र असते. असे असूनही भर दुपारी टोकाच्या निजण्याच्या खोलीत छताच्या जाळीखाली हात धरला, तर जेमतेम झुळूक लागते. आत तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस असेल, तर हा केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही.

याचे कारण त्या एकाच भोकात सापडते. तेथून परस्परविरुद्ध असे दोन प्रवाह वाहतात. खोलीतील उष्ण हवा फिल्टरमधून वर कॉईलकडे जाते. निवालेली हवा खाली वितरण-पेटीत उतरून छतातील डक्टांत शिरते. दोहोंमध्ये असतो तो केवळ एक पातळ पडदा. त्याला फट राहिली, की थंड हवा खोलीत न जाता तशीच कॉईलकडे परतते. यंत्र जणू आपलाच श्वास पुन्हा घेत राहते आणि कॉईलवर बर्फ धरण्याचा संभव वाढतो. दुसरी गळती पेटी व डक्ट यांच्या सांध्यात असते. तेथून हवा छताच्या पोकळीत नाहीशी होते.

निदानास साधा तापमापक पुरतो. खोलीतील हवा आणि फिल्टरमागची हवा यांचे तापमान ताडून पाहावे. फिल्टरमागची हवा स्पष्टपणे थंड निघाल्यास पडद्याला फट आहे असे समजावे. परतणारी हवा आणि यंत्राजवळच्या जाळीतून येणारी हवा यांत १५ ते २० अंश फॅरनहाइटचा फरक असेल, पण दूरच्या जाळीशी वारा क्षीण असेल, तर यंत्र निर्दोष असून दोष वाटेत आहे.

उपाय अल्प खर्चाचा आहे. प्रथम वीजप्रवाह पूर्णपणे तोडावा. मग आतले झाकण काढून, धूळ पुसून, पडद्याच्या कडा व सांधे धातूच्या पत्र्याच्या चिकटपट्टीने बंद करावेत. कापडी पट्टीचा गोंद उष्णतेने वाळून सुटतो. पेटीत वारा जेथे सरळ भिंतीवर आपटतो, तेथे तिरपी फळी बसवून त्याला डक्टाकडे वळवावे. परतीची वाट मात्र अरुंद करू नये.

छतातील जाळ्याही उघडून पाहाव्यात. जाळी मोठी, पण तिच्यामागे डक्टाला पाडलेले भोक लहान, असे पुष्कळदा आढळते. दाबाचा ऱ्हास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भोक निम्मे असेल, तर तेवढीच हवा नेण्यास वेग दुप्पट व ऱ्हास सुमारे चौपट होतो. पंख्याला तो पेलत नाही आणि हवाच कमी येते. याच कारणाने, दूरच्या खोलीसाठी जवळच्या साऱ्या जाळ्या मिटून टाकणे हिताचे नसते. एखादी अर्धवट मिटावी. अनेक मिटल्यास एकंदर प्रवाह मंदावून कॉईल गोठू शकते.

या उपायांची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. गळती बुजविल्याने यंत्राची उष्णता काढण्याची शक्ती वाढत नाही. ती माणसांपर्यंत पोचते, इतकेच. छताच्या उघड्या झरोक्यांना उशी लावणे आणि ट्रेलर सावलीत उभा करणे ही कामे निराळी करावी लागतात. एवढे करूनही उकाडा हटला नाही, तरच यंत्र अपुरे आहे असे म्हणता येईल. आधीच मोठे यंत्र आणले, तर तेही त्याच फुटक्या वाटेने गळेल. आणि दुसरे जोडावे, तर तळावरील ३० अँपिअरची जोडणी दोन यंत्रांना सहसा पुरत नाही. म्हणून खर्चाचा विचार करण्यापूर्वी झाकण उघडून वाऱ्याचे काठ तपासावेत, हाच क्रम योग्य होय.