तान्ह्या बाळाचं चपटं डोकं

चिखलीच्या किंवा आसपासच्या खेड्यातल्या एखाद्या घरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बाळ अडीच महिन्यांचं आहे. आई टाळूला तेल लावते आहे आणि तिच्या तळव्याला जाणवतं, की डोक्याची मागची उजवी बाजू सपाट झाली आहे. वरून पाहिलं तर उजवा कानही थोडा पुढे सरकलेला. तिच्या पोटात धस्स होतं. मग सल्ल्यांना काय तोटा! सासू म्हणते, दाबून दाबून गोल कर. शेजारीण म्हणते, मोहरीची उशी घे. आजेसासू म्हणते, "पालथं निजव त्याले, डोक्सं गोल होते." आणि पुण्याहून भाऊ फोनवर सांगतो, डोक्यावर घालायची खास टोपी मिळते म्हणे. बिचारीने ऐकावं कोणाचं?

आधी हे होतं कसं, ते पाहू. तुमच्या शेतात वेलाला टरबूज लागतं. ते ज्या अंगावर पडून वाढतं, ते अंग चपटं राहतं. बाळाच्या डोक्याचंही तसंच. बाळाची कवटी मडक्यासारखी एकसंध नसते. तिची हाडं वेगवेगळी असतात आणि त्यांच्यामध्ये लवचिक सांधे असतात. हे सांधे जिथे मिळतात, ती मऊ जागा म्हणजे टाळू. हाडं अशी सुटी असतात म्हणूनच मेंदूला वाढायला जागा मिळते. जन्मताना डोक्याचा घेर सुमारे ३४ सेंटिमीटर असतो, वर्षाचं होईतो तो ४५ च्या आसपास जातो आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या चार महिन्यांतच होते. नेमक्या याच काळात बाळाला मान नीट सावरता येत नाही. दार, उजेड किंवा आई ज्या बाजूला, त्या बाजूलाच ते तोंड करून राहतं. भार एकाच जागी पडतो आणि ती जागा सपाट होते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात हे अधिक दिसतं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की यात आईची चूक नाही. दुसरी ही, की अशा चपटेपणाने मेंदूला इजा होत नाही.

आता आजेसासूबाईंचा सल्ला. पालथं निजवल्याने डोक्याच्या मागचा भार जातो हे खरं, पण त्यात जीवाचा धोका आहे. चांगलं हसतंखेळतं तान्हं बाळ झोपेतच दगावण्याचे प्रकार पालथं निजवलेल्या बाळांत जास्त होतात, असं विलायतेत आणि अमेरिकेत ध्यानात आलं. विलायतेत १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये 'बाळाला उताणं निजवा' अशी मोठी मोहीम निघाली आणि काही वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. चपटी डोकी मात्र वाढली. पण डोकं थोडं चपटं होणं कुठे आणि बाळ गमावणं कुठे! म्हणून झोपेत बाळ उताणंच हवं. मोहरीची उशी, मऊ गादी, तोंडावर येईल अशी दुलई, हेही झोपताना नको. तान्ह्याला उशी लागतच नाही.

मग करायचं काय? भार एका जागी राहू द्यायचा नाही, एवढंच. रोज रात्री उशाची बाजू बदला. आज डोकं उत्तरेच्या भिंतीकडे असेल, तर उद्या पायथा तिकडे. उजेड आणि आई दुसऱ्या अंगाला आली, की बाळ आपोआप मान वळवतं. पाळणा, झोळी यांत तासन्‌तास ठेवू नका. कडेवर, मांडीवर, खांद्यावर घ्या. आणि बाळ जागं असेल, कोणी समोर बसलेलं असेल, तेव्हा त्याला पालथं घाला. आईच्या छातीवर किंवा जमिनीवर सतरंजी टाकून, सुरुवातीला तीन-चार मिनिटं, दिवसातून दोनतीनदा, मग हळूहळू वाढवत न्या. याने मान आणि खांदेही बळकट होतात. तेल जरूर लावा, पण हलक्या हाताने. दाबून कवटी गोल होत नाही आणि टाळू तर मुळीच दाबायची नाही. बाळ बसू लागलं की डोक्यावरचा भार सुटतो. पुढे थोडा चपटेपणा उरला, तरी तो केसांत झाकून जातो.

भावाने सांगितलेली टोपी खरोखर असते. ती कडक असते आणि दिवसाचे तेवीस तास घालावी लागते. आपल्याकडच्या वैशाखात ते कसं जमणार, हा प्रश्न आहेच. पण हॉलंडमध्ये ८४ बाळांवर तिची रीतसर परीक्षा झाली आणि २०१४ मध्ये निकाल आला. टोपी घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांच्या डोक्यांत दोन वर्षांच्या वयाला म्हणावा असा फरक नव्हता. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्यापायी कर्ज काढू नका.

मात्र दोन गोष्टी घरी बसून पाहण्यासारख्या नाहीत. एक, मान. बाळ मान एकाच बाजूला कलती ठेवतं, दुसरीकडे वळवताना रडतं, किंवा मानेत गाठ लागते. ही मानेच्या स्नायूची आखूडता असते. लवकर व्यायाम शिकून घेतले तर बहुतेक मुलं बरी होतात. दुसरी गोष्ट, कवटीचे सांधेच वेळेआधी जुळणं. हे सुमारे दोन-अडीच हजार बाळांत एखाद्याला होतं. डोकं जन्मापासूनच वेगळ्या आकाराचं असतं, सांध्यावर हाडाची कड हाताला लागते, टाळू लवकर बुजते, घेर वाढत नाही. इथे कूस बदलून भागत नाही. शस्त्रक्रिया लागू शकते आणि ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात. म्हणून इथे थांबायचं नाही.

जायचं कुठे? पुष्कळदा मदत दारातच येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. त्याने बालमृत्यू किती घटतात, हे १९९९ मध्ये जगापुढे आलं. त्याच वाटेने २०११ पासून देशभर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. चपटेपणा दिसू लागतो तो साधारण दीड-दोन महिन्यांच्या सुमारास. तेव्हा ४२ व्या दिवशी बाळाची टोपी काढून डोकं दाखवा, मान दोन्हीकडे वळते का ते पाहायला सांगा आणि घेर मोजून घ्या. शंका राहिली तर ग्रामीण रुग्णालय, तिथून बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं.

गुरुजी आणि बाईंनाही एक विनंती. शाळेतल्या पोरांच्या घरी तान्ही भावंडं असतात. पालकांची सभा भरेल तेव्हा एवढं वाक्य सांगा: झोपेत उताणं, जागेपणी पालथं, आणि मान अडली किंवा टाळू बुजली तर दवाखाना. तेवढ्याने एखाद्या आईची झोप परत येईल आणि एखाद्या लेकराला वेळेवर डॉक्टर भेटेल.